डार्विन आणि मोराचा पिसारा

चार्लस डार्विन यांचा जन्म इंग्लंडांत श्रूझबरी येथें १८०९ सालीं झाला. धर्मोपदेशक व्हावें म्हणून वडिलांनीं केंब्रिजला धाडलेला हा तरुण १८३१ मध्यें ‘बीगल’ जहाजावरून जगप्रवासास निघाला व सृष्टिशास्त्रज्ञ होऊन परतला. १८५९ च्या ग्रंथांत त्यांनीं नैसर्गिक निवडीचें तत्त्व मांडलें. परंतु जगण्यास अडचणच करणारा मोराचा पिसारा त्यांस कोडें घाली. १८७१ सालीं त्यांनीं तें सविस्तर उलगडलें: हरणाचीं शिंगें नरानरांच्या झुंजींतून वाढलीं, पिसारा लांडोरींच्या पसंतींतून. ही पसंती स्नेही वॉलेस यांसहि पटली नाहीं. तरी १८८२ मध्यें, मृत्यूच्या आदल्या दिवशीं लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळांत वाचलेल्या त्यांच्या टिपणांत तेंच मत कायम होतें. पुढें प्रयोगांनीं त्यास दुजोरा दिला. मतभेदानें स्नेह तोडूं नये आणि स्नेहासाठीं पारखलेलें सत्यहि सोडूं नये, हा धडा आम्ही या चरित्रांतून घेतों.