दोन कादंबऱ्या लिहिल्या आणि थेट गोळ्याच घातल्या. फिलिपिन्सच्या होसे रिझालची गोष्ट

फिलिपिन्स म्हणजे ७ हजारांहून जास्त बेटांचा देश. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्यावरून त्याचं नाव पडलं आणि ३०० हून अधिक वर्षं तिथं स्पेनचं राज्य होतं. पण गावागावात खरा हुकूम चालायचा तो स्पॅनिश धर्मगुरूंचा.

याच देशातल्या कलांबा गावात १९ जून १८६१ ला होसे रिझालचा जन्म झाला. ११ भावंडांतला हा सातवा. घरचं खाऊनपिऊन सुखी होतं, पण जमीन मठाची, खंडानं घेतलेली.

होसे १० वर्षांचा असताना त्याच्या आईवर नात्यातल्या बाईला विष देण्याचा आळ आला. तिला सुमारे ५० किलोमीटर चालवत तुरुंगात नेलं. निर्दोष सुटायला अडीच वर्षं गेली. याच काळात, १८७२ मध्ये, बंडाचा आरोप ठेवून ३ पाद्र्यांना भर मैदानात मारण्यात आलं. त्यातल्या एकाशी होसेच्या मोठ्या भावाचे जवळचे संबंध होते. पोरगं पुढं काय लिहिणार, हे इथंच ठरलं म्हणायचं.

१८८२ मध्ये आईवडिलांना न सांगता तो स्पेनला गेला. आईची नजर अधू होत चाललेली, म्हणून डोळ्यांचा डॉक्टर झाला. पुढं हाँगकाँगला दवाखाना टाकला आणि तिथं आईच्या डोळ्याचं ऑपरेशन स्वतः केलं.

मधल्या काळात १८८७ मध्ये बर्लिनला 'नोली मे तांगेरे' ही कादंबरी छापली. खिशात दमडी नव्हती. एका मित्रानं ३०० पेसो दिले, त्यात २ हजार प्रती निघाल्या. धर्मगुरूंचा सगळा कारभार त्यात चव्हाट्यावर आला होता. पुस्तकावर बंदी आली. १८९१ मध्ये दुसरी कादंबरी आली, ती त्यानं मारल्या गेलेल्या त्या ३ पाद्र्यांना अर्पण केली.

१८९२ मध्ये तो मायदेशी परतला, सनदशीर मार्गानं सुधारणा मागणारी संघटना काढली आणि काही दिवसांतच अटक झाली. सरकारनं त्याला मिंडानाओ बेटावर दापितानला हद्दपार केलं. तिथं ४ वर्षांत या गड्यानं शाळा काढली, गावाला पाणी आणलं, रोगी तपासले.

१८९६ मध्ये 'कातिपुनान' या गुप्त संघटनेचा माणूस भेटायला आला. सशस्त्र उठावाला पाठिंबा द्या, अशी मागणी होती. रिझाल नाही म्हणाला. हत्यारं नसताना लोक हकनाक मरतील, हे त्याचं म्हणणं. उलट तो क्युबात लष्करी डॉक्टर म्हणून जायला निघाला. पण ऑगस्टमध्ये उठाव झाला आणि त्याला वाटेतच पकडून मनिलाला आणलं. उठावाचा निषेध करणारं निवेदन त्यानं लिहून दिलं, तरी त्याच उठावाचा सूत्रधार म्हणून तो दोषी ठरला.

३० डिसेंबर १८९६ ला सकाळी त्याला मैदानात उभं केलं. बंदुका धरलेले शिपाई फिलिपिनोच होते. ते कचरले तर त्यांना टिपायला मागं स्पॅनिश सैनिक. डॉक्टरनं नाडी पाहिली, ती नेहमीसारखी होती. वय ३५.

प्रेत निनावी पुरलं. बहिणीनं जागा शोधून काढली आणि खुणेसाठी आद्याक्षरं उलटी कोरून घेतली.

स्पेन गेला, मग अमेरिका आली. स्वातंत्र्याला १९४६ उजाडलं. १९५६ मध्ये त्याच्या दोन्ही कादंबऱ्या शिकवणं कायद्यानं सक्तीचं झालं. त्या कायद्यालाही चर्चनं विरोध केलाच.