लोकनायक बापूजी अणे

विदर्भाच्या आग्नेय भागात, वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यात वणीचा मुलूख पसरलेला आहे. सागाची वने, काळ्याभोर जमिनीतील कपाशीची शेते, गोंडांची गावे आणि रानाच्या कडेला वसलेले कोलामांचे पोड हे या मुलखाचे जुने रूप होय. झरी जामणी हा यवतमाळ जिल्ह्यातील तालुका याच मुलखात, पैनगंगेच्या उत्तर तीरावर आहे. विधानसभेच्या निवडणुकीत झरी जामणी, मारेगाव आणि वणी या तालुक्यांतील लोक एकाच वणी मतदारसंघात मत देतात. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीपुरुषांना, श्रीमंत असोत वा गरीब, येथे प्रत्येकी एक मत असते. शंभर वर्षांपूर्वी मात्र या मुलखातील शेतकऱ्याला, मजुराला किंवा वनात राहणाऱ्या कोलामाला असा अधिकार असेल, ही कल्पनाही कोणाला शिवली नसती. हा अधिकार भारतीयांना मिळावा म्हणून ज्यांनी आपली विद्या आणि बुद्धी खर्ची घातली, त्यांत याच मातीत जन्मलेले एक पुरुष होते. त्यांचे नाव माधव श्रीहरी अणे. लोक त्यांना प्रेमाने बापूजी म्हणत आणि आदराने लोकनायक म्हणत.

बापूजींचा जन्म 29 ऑगस्ट 1880 रोजी वणी येथे झाला. त्या वेळी जिल्ह्यालाही वणीचेच नाव होते. यवतमाळ हे नाव त्यास पुढे 1905 साली मिळाले. घरात संस्कृत विद्येचे वातावरण होते. लहानपणी कानांवर पडलेल्या श्लोकांची गोडी बापूजींना जन्मभर पुरली. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात त्यांचे उच्च शिक्षण झाले. त्यानंतर काही वर्षे त्यांनी अमरावती येथील शाळेत शिक्षकाचे काम केले. कलकत्ता विद्यापीठाची कायद्याची पदवी मिळविल्यावर 1908 च्या सुमारास ते यवतमाळ येथे वकिली करू लागले.

त्या काळी वऱ्हाडची स्थिती मोठी चमत्कारिक होती. हा प्रांत नावाला निजामाच्या मालकीचा होता, परंतु त्याचा कारभार इंग्रज पाहत असत. 1902 साली इंग्रजांनी निजामाशी करार करून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने आपल्याकडे घेतले, आणि पुढच्या वर्षी ते मध्यप्रांताला जोडून टाकले. लाखो लोक या हातातून त्या हातात गेले. तथापि त्यांतील एकालाही त्याची इच्छा कोणी विचारली नाही. आपल्यावर कोणी राज्य करावे, हे ठरविण्याचा अधिकार प्रजेला नसला म्हणजे काय होते, याचा हा धडा तरुण बापूजींच्या डोळ्यांसमोरच होता.

लोकमान्य टिळक हे बापूजींचे राजकीय गुरू. लोकमान्यांनी 1916 साली होमरूल लीग स्थापन केली, तेव्हा बापूजी त्या कार्यात अग्रभागी होते. यवतमाळहून त्यांनी एक साप्ताहिक सुरू केले. त्याचे नाव 'लोकमत' असे होते. ते नाव लोकमान्यांनीच सुचविले, असे सांगितले जाते. राज्य लोकांच्या मताने चालावे ही त्या पिढीची तळमळ होती, आणि पत्राच्या नावातही ती उमटली होती.

पुढे बापूजी वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले. आज निवडणूक म्हटली की गावोगावी लागलेल्या रांगा आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. त्या वेळची निवडणूक तशी नव्हती. ज्याच्याजवळ ठराविक मालमत्ता असेल, किंवा जो ठराविक कर भरत असेल, त्यालाच मत देता येत असे. मध्यवर्ती कायदेमंडळापुरते पाहिले, तर दर शंभर माणसांमागे एकाच्याही वाट्याला हे मत येत नव्हते. शिवाय निवडून आलेल्या सभासदांच्या हाती खरी सत्ताही नव्हती. त्यांनी एखादा ठराव बहुमताने संमत केला, तरी व्हाइसरॉय तो बाजूला सारू शकत असे. बापूजींनी त्या सभागृहात बसून कायद्याचा आणि राज्यकारभाराचा बारकाईने अभ्यास केला. तेव्हा मिळविलेले हे ज्ञान त्यांना लवकरच उपयोगी पडले.

भारताला पुढे कोणते अधिकार द्यावेत याची चौकशी करण्यासाठी इंग्रज सरकारने 1927 साली सायमन कमिशन नेमले. त्यात एकही भारतीय नव्हता. सर्वांना मान्य होईल अशी राज्यघटना भारतीयांना स्वतः तयार करताच येणार नाही, असा इंग्रज मंत्र्यांचा समज होता. हे आव्हान स्वीकारून 1928 साली सर्व पक्षांच्या परिषदेने पंडित मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तेजबहादूर सप्रू, सुभाषचंद्र बोस, नारायण मल्हार जोशी अशी विद्वान व कर्ती माणसे तिच्यात होती. आणि वणीचे बापूजी अणे हेही तिचे एक सभासद होते. त्याच वर्षी समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. एकवीस वर्षे वयाच्या प्रत्येक पुरुषाला आणि प्रत्येक स्त्रीला मत असावे, अशी शिफारस त्यात होती. नागरिकांचे मूलभूत हक्क घटनेतच लिहून ठेवावेत, असेही त्यात सांगितले होते. ज्या देशात बहुसंख्य लोक निरक्षर होते, तेथे सर्वांना मत देणे हे त्या काळी अनेकांना धाडसाचे वाटले असेल. इंग्रज सरकारने हा अहवाल स्वीकारला नाही. परंतु प्रौढ मताधिकाराचे बीज त्याने पेरून ठेवले, आणि पुढे स्वतंत्र भारताच्या घटनेत ते रुजले.

बापूजी कायद्याचे पंडित होते. तरी अन्यायाच्या कायद्यापुढे मान तुकविणे त्यांना मान्य नव्हते. 1930 साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह केला. वऱ्हाड समुद्रापासून फार दूर. तेथे मीठ कोठून आणावयाचे? परंतु तेथे जंगले होती. राखीव जंगलातील गवत परवान्याशिवाय कापण्यास कायद्याने बंदी होती. ज्या रानात पिढ्यान्‌पिढ्या गुरे चरत आली, तेथले गवत गुरांसाठी कापणे हाही गुन्हा ठरला होता. 10 जुलै 1930 रोजी पुसद येथे बापूजींच्या नेतृत्वाखाली जंगल सत्याग्रहास आरंभ झाला. हाती विळे घेऊन सत्याग्रही राखीव जंगलात शिरले आणि त्यांनी उघडपणे गवत कापले. सरकारने बापूजींना पकडले आणि त्यांना कारावास भोगावा लागला. त्यांनी कायदा चोरून मोडला नाही, की शिक्षा चुकविली नाही. वऱ्हाडात आणि मध्यप्रांतात हे लोण भराभर पसरले.

यानंतर त्यांच्या जीवनात एक कठीण प्रसंग आला. 1932 साली इंग्रज पंतप्रधानांनी जातीय निवाडा जाहीर केला. निरनिराळ्या धर्मांच्या लोकांनी निरनिराळ्या मतदारसंघांत मत द्यावे, मुसलमानांनी मुसलमान उमेदवाराला आणि शिखांनी शीख उमेदवाराला निवडावे, अशी त्यातील योजना होती. मत देतानाच देशातील माणसे अशी वेगळी केली, तर ती एक राष्ट्र म्हणून कशी उभी राहणार, अशी चिंता बापूजींना वाटली. काँग्रेसने हा निवाडा स्वीकारलाही नाही आणि धिक्कारलाही नाही. 1933 साली बापूजींनी काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपद सांभाळले होते. अशा मोठ्या संस्थेतील मानाची जागा आणि जिव्हाळ्याचे सहकारी सोडणे सोपे नव्हते. तथापि मनाला जे पटत नाही, त्याविषयी गप्प राहणे त्यांना जमले नाही. 1934 साली पंडित मदनमोहन मालवीय आणि बापूजी यांनी काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष स्थापन केला आणि निवाड्याविरुद्ध लोकांकडे कौल मागितला. मतभेद झाला, परंतु गांधीजींविषयीचा त्यांचा आदर कमी झाला नाही.

त्याची साक्ष नऊ वर्षांनी पटली. 1941 साली बापूजी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद झाले होते. परदेशांत राहणाऱ्या भारतीयांचे खाते त्यांच्याकडे होते. भारतीयाला त्या काळी मिळू शकणाऱ्या अत्युच्च पदांपैकी ते एक होते. फेब्रुवारी 1943 मध्ये पुण्याच्या आगाखान राजवाड्यात बंदीत असलेल्या गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण आरंभिले. त्यांचे प्राण धोक्यात आले, तरी सरकार त्यांना सोडण्यास तयार होईना. तेव्हा बापूजींनी होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह आपल्या पदाचा राजीनामा दिला. त्यानंतर 1943 ते 1947 या काळात ते सिलोनमध्ये भारताचे प्रतिनिधी होते. तेथील चहाच्या मळ्यांत भारतातून गेलेले लक्षावधी मजूर राबत होते. सिलोन स्वतंत्र झाल्यावर नव्या कायद्यांनी त्यांपैकी बहुतेकांचे नागरिकत्व आणि मत हिरावून घेतले गेले. कायद्याच्या चार ओळींनी मत कसे मिळते आणि कसे जातेही, याचे हे बोलके उदाहरण आहे.

1947 साली बापूजी भारताच्या घटना समितीचे सभासद झाले. जानेवारी 1948 मध्ये बिहारचे राज्यपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली, आणि 1952 पर्यंत त्यांनी ते पद भूषविले. 26 जानेवारी 1950 रोजी भारताची राज्यघटना अमलात आली. एकवीस वर्षांवरील सर्व स्त्रीपुरुषांना तिने मताचा अधिकार दिला आणि धर्मावर आधारलेले वेगळे मतदारसंघ रद्द केले. 1951–52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सतरा कोटींहून अधिक मतदारांची नावे याद्यांत होती. 1928 साली कागदावर राहिलेली शिफारस अशा रीतीने प्रत्यक्षात उतरली.

घटना हा देशाचा सर्वांत मोठा कायदा. तो अविचाराने बदलता येऊ नये, परंतु काळाप्रमाणे बदलण्याची वाटही बंद असू नये, असा विचार घटनाकारांनी केला होता. घटनेत दुरुस्ती करावयाची झाल्यास संसदेच्या प्रत्येक सभागृहातील एकूण सभासदांपैकी निम्म्याहून अधिक, आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी निदान दोन-तृतीयांश सभासद तिच्या बाजूचे असावे लागतात. काही दुरुस्त्यांना याखेरीज निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागते.

अशी एक दुरुस्ती बापूजींच्या मनाविरुद्ध गेली. विदर्भाचे वेगळे राज्य व्हावे असे त्यांचे मत होते. राज्य पुनर्रचना आयोगाने 1955 साली तशी शिफारसही केली होती. परंतु 1956 साली राज्य पुनर्रचनेचा कायदा आणि सातवी घटनादुरुस्ती संमत होऊन देशाचा नकाशा नव्याने आखला गेला, तेव्हा विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात सामील करण्यात आला. पुढे 1 मे 1960 रोजी तो महाराष्ट्राचा भाग झाला. या प्रश्नावर लोकांत निरनिराळी मते होती. आपले मत बाजूला पडले म्हणून बापूजी रुसून घरी बसले नाहीत. 1962 साली, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, ते नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेच्या निवडणुकीस उभे राहिले आणि निवडून आले. ते ज्या लोकसभेत बसत, तिनेच 1962 साली चौदावी घटनादुरुस्ती संमत केली. त्या दुरुस्तीमुळे नुकत्याच मुक्त झालेल्या गोव्याला स्वतःची विधानसभा मिळण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि 1963 च्या डिसेंबरात तेथील लोकांनी आपले प्रतिनिधी निवडले.

राजकारणाच्या एवढ्या धकाधकीतही बापूजींचा संस्कृतचा व्यासंग सुटला नाही. आपल्या गुरूचे, लोकमान्य टिळकांचे चरित्र त्यांनी उतारवयात हजारो संस्कृत श्लोकांत गुंफले. 'श्रीतिलकयशोऽर्णव' हे त्या ग्रंथाचे नाव. त्याला 1973 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. परंतु तो पाहण्यास बापूजी हयात नव्हते. 26 जानेवारी 1968 रोजी, प्रजासत्ताकाच्या वर्धापनदिनीच, त्यांनी देह ठेवला होता. भारत सरकारने त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण हा किताब दिला.

त्यांच्या मागे घटना वाढतच राहिली. 1988 साली संमत झालेली एकसष्टावी दुरुस्ती पुढील वर्षी अमलात आली आणि मतदाराचे वय एकवीसवरून अठरावर आले. त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने 24 एप्रिल 1993 पासून ग्रामपंचायतींना घटनेचा आधार मिळाला. दर पाच वर्षांनी त्यांची निवडणूक घेणे आणि स्त्रियांसाठी निदान एक-तृतीयांश जागा राखणे बंधनकारक झाले. महाराष्ट्राने तर पुढे स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या.

आज झरी जामणीच्या एखाद्या पोडावरील कोलाम स्त्री मतदानाच्या दिवशी शाळेच्या खोलीत जाते, बोटाला शाई लावून घेते आणि आपले मत देते. तिच्या मताचे मोल दिल्लीतील मंत्र्याच्या मताएवढेच असते. बापूजींचे नाव कदाचित तिने ऐकलेही नसेल. परंतु तिच्यासारख्या प्रत्येक स्त्रीला मत असावे, अशी शिफारस 1928 साली ज्यांनी केली, त्यांपैकी एक जण तिच्याच मुलखातील होता.