बारा रुपयांचा मास्तर : महात्मा जोतीराव फुले आणि गावच्या शिक्षकाचा प्रश्न



जून महिना आला की आपल्या माळशिरस तालुक्यात वाड्यावस्त्यांवर एकच चौकशी सुरू होते. यंदा शाळेवर गुरुजी किती? कोणाची बदली झाली? रिकाम्या जागेवर कोण येणार? टीईटी, पवित्र पोर्टल, शिक्षणसेवक हे शब्द आता पालकांनाही पाठ झाले आहेत. पण चांगला शिक्षक खेड्यात आणायचा कसा आणि आणला तर टिकवायचा कसा, हा प्रश्न काही आजचा नाही. १८८२ साली एका माणसाने तो सरकारपुढे लेखी मांडला होता, आणि त्यावरचा उपाय रुपये-आण्यांसकट सांगितला होता. ते म्हणजे महात्मा जोतीराव फुले. त्यांचे चरित्र आपण वर्गात दरवर्षी सांगतो. आज ते शिक्षकाच्या बाजूने पाहू या.

शाळा सुटली, पुन्हा मिळाली

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे. तिथून ते पुरंदर तालुक्यातल्या खानवडीला आणि पुढे पुण्याला आले. याच पुरंदर-सासवड भागातले माळी शेतकरी पुढे आपल्या तालुक्यात येऊन स्थिरावले आणि त्यांनी माळीनगरला साखर कारखाना उभा केला, हे तुम्हाला माहीत असेलच. जोतीरावांचे वडील गोविंदराव फुलांचा आणि भाजीचा धंदा करीत. आई चिमणाबाई जोतीराव तान्हे असतानाच वारल्या.

मुलगा शाळेत जाऊ लागला, पण लोकांच्या बोलण्यावरून वडिलांनी त्याला शाळेतून काढले आणि मळ्यात कामाला लावले. पुढे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत काढली आणि १८४१ च्या सुमारास मुलगा स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा बसला. ते दोघे आडवे आले नसते तर? पालकहो, शाळेतून गळालेले मूल परत आणायला कधी कधी एखाद्या शेजाऱ्याचा शब्दही पुरतो.

मास्तर आणायचे कुठून?

१८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यात जोतीरावांनी मुलींची शाळा काढली. जागा मिळाली, मुलीही मिळाल्या. पण मुलींना शिकवायला शिक्षिका कुठून आणणार? तेव्हा त्यांनी आपल्या पत्नीलाच, सावित्रीबाईंना, आधी घरी शिकवले आणि मग शिक्षिका म्हणून उभे केले. म्हणजे बघा, कुठलीही जाहिरात नाही, परीक्षा नाही, शिक्षक आधी घडवावा लागतो इथूनच त्यांची सुरुवात झाली. लोकांनी सावित्रीबाईंवर शेण-चिखल फेकला, या दोघांना घर सोडावे लागले, पण शाळा थांबली नाही. पुढे मुलींच्या आणखी शाळा निघाल्या, महार-मांग मुलांसाठी शाळा निघाल्या. १८५२ मध्ये विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा जाहीर सत्कार झाला.

स्वतः जोतीरावांनी काही काळ मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवण्याची नोकरीही केली. पोटापाण्यासाठी पुढे ते बांधकामाची कंत्राटे घेत, सरकारी कामांना दगड-चुना पुरवत. संस्था देणग्यांवर चालवताना काय ओढाताण होते, हे त्यांनी जवळून पाहिले होते. म्हणूनच गोरगरिबांच्या प्राथमिक शाळा सरकारनेच चालवाव्यात, या मतावर ते ठाम झाले.

हंटर आयोगापुढचे निवेदन

१८८२ मध्ये इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला जोतीरावांनी आयोगाला निवेदन दिले. वयाच्या किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यातली मागणी आपण मुलांना सांगतो. पण शिक्षकांविषयीचा भाग आपण घाईत सोडून देतो. खरे तर तोच आपल्यासाठी आहे. त्याचा सारांश असा :

पहिले, शिक्षक प्रशिक्षित असावा. अप्रशिक्षितांच्या जागी हळूहळू शिकून तयार झालेले लोक घ्यावेत.

दुसरे, तो शक्यतो शेतकरी समाजातला असावा. त्या काळी बहुतेक पंतोजी ब्राह्मण होते आणि ते गावकऱ्यांपासून लांब राहत, अशी जोतीरावांची तक्रार होती. वेळ पडली तर नांगराला किंवा सुताराच्या वाकसाला हात घालायला जो लाजणार नाही, असा मास्तर त्यांना हवा होता. प्रशिक्षणातही शेती आणि आरोग्याची ओळख असावी, असे त्यांचे म्हणणे.

तिसरे, पगार. महिना बारा रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावात पंधरा ते वीस रुपये द्या. चांगली माणसे हवी असतील तर चांगले वेतन द्यावेच लागेल, हा त्यामागचा साधा हिशेब.

चौथे, गावात मान. हिशेबतपासनीस, दस्तनोंदणी, टपाल किंवा स्टँपविक्री अशी कामे मास्तरांकडे दिली तर त्यांचे वजन वाढेल आणि मिळकतही. ज्यांची मुले जास्त संख्येने पास होतील त्यांना पगाराशिवाय वेगळा भत्ता द्यावा.

पाचवे, तपासणी. वर्षातून एकदा नाही, तर निदान तीन महिन्यांनी आणि न कळवता.

कागदावरून कायद्यापर्यंत

सरकारने हे सगळे लगेच मानले का? नाही. आयोगाने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे सोपवायची शिफारस केली, सक्ती काही आली नाही. जोतीराव मात्र गप्प बसले नाहीत. १८८३ मध्ये त्यांनी शेतकऱ्याचा असूड लिहून पुरा केला. १८८८ साली ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठीच्या मेजवानीला ते शेतकऱ्याच्या साध्या वेषात गेले आणि खेड्यातल्या लोकांच्या शिक्षणाकडे त्यांचे लक्ष वेधले. त्याच वर्षी मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली, आणि त्याच वर्षी अर्धांगवायूचा झटकाही आला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले.

सक्तीच्या शिक्षणाचा कायदा कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये केला. मुंबई राज्याचा प्राथमिक शिक्षण कायदा १९४७ चा. आणि सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला हक्क देणारा कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. म्हणजे जोतीरावांच्या निवेदनानंतर तब्बल १२७ वर्षांनी.

या शेवटच्या कायद्यात शिक्षकांविषयीही लिहिले आहे. कलम २३ मध्ये पात्रता आहे. कलम २६ सांगते की मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून जास्त जागा रिकाम्या ठेवू नयेत. कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला शाळाबाह्य काम लावता येत नाही. इथे कोणी म्हणेल, जोतीरावांनीच तर मास्तरांना जादा कामे सुचवली होती! हो, पण त्यात मान होता आणि मोबदला होता. नुसता बोजा टाकायला त्यांनी सांगितले नव्हते.

पगाराचे म्हणाल तर आपल्या राज्यात शिक्षणसेवक योजना २००० साली आली. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे मानधनावर काढायची. प्राथमिकसाठी हे मानधन आधी ३,००० रुपये, मग ६,००० आणि २०२३ पासून १६,००० रुपये झाले. घरापासून दोन-तीनशे किलोमीटर लांब खोली घेऊन राहणाऱ्या तरुण शिक्षकाचा तेवढ्यात महिना निभतो का, हे ज्याने काढले त्यालाच ठाऊक. असा शिक्षक आल्या दिवसापासून बदलीची वाट बघू लागला, तर एकट्या त्याला दोष देऊन कसे चालेल?

मित्रहो, भरती कायद्याने होते, टिकणे मात्र पगार, मान आणि गावाशी जुळलेले नाते या तिन्हींवर असते. जोतीरावांच्या निवेदनात या तिन्ही गोष्टी एका जागी आहेत. पहिल्या दोन सरकारच्या हातात. तिसरी मात्र आपल्या. ऊसतोडीच्या हंगामात कोपीवरच्या पोरांना शाळेत आणायचे, तर त्या कोपीपर्यंत चालत जाणारा आणि तिथल्यांशी त्यांच्या बोलीत बोलणारा गुरुजीच लागतो. आणि असा गुरुजी गावात राहावा असे वाटत असेल, तर त्याला राहायला बरी खोली मिळते का, हे गावानेही पाहायला हवे.

येत्या ११ एप्रिलला मुलांची भाषणे होतीलच. त्या दिवशी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत निवेदनातले हे पाच मुद्दे एकदा वाचा, आणि आपल्या शाळेत त्यातले किती आहेत ते मोजा.