सर जेम्स ड्यूअर

चहा ऊन ठेवणारी थर्मासची बाटली आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं असेल. परंतु ती ज्यांच्या कल्पनेंतून निघाली त्या जेम्स ड्यूअर यांचें नांव फारच थोड्यांस ठाऊक असतें.

इ. स. १८४२ मध्यें स्कॉटलंडांतील किंकार्डिन गांवीं त्यांचा जन्म झाला. दहा वर्षांचे असतां बर्फ फुटून ते खालच्या थंड पाण्यांत पडले व पुढें दीर्घकाळ संधिवाताच्या तापानें आजारी होते. त्या सक्तीच्या विश्रांतींत ते व्हायोलिन बनविण्यास शिकले. ज्या हातांनीं पुढें इतकीं नाजूक उपकरणें जुळविलीं, त्यांचें शिक्षण येथेंच झालें असें आम्हांस वाटतें.

१८७५ मध्यें ते केंब्रिज येथें व १८७७ मध्यें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें प्राध्यापक झाले. त्यांस ध्यास होता तो थंडीचा. हवा अत्यंत थंड केली म्हणजे ती पाण्यासारखी पातळ होते. पण ती ठेवावी कशांत? खोलीची ऊब लागतांच ती उकळून उडून जाई. १८९२ मध्यें त्यांनीं कांचेचें दुहेरी भांडें करून दोन्ही भिंतींमधील हवा काढून टाकली. हवाच नाहीं, तर तिच्यामार्फत उष्णता आंत जाणार कशी? किरणांच्या रूपानें येणारी उष्णता परतविण्यासाठीं कांचेस चांदीचा मुलामा दिला. या भांड्यांच्या साहाय्यानें १८९८ मध्यें त्यांनीं हायड्रोजन वायु पातळ केला. तो शून्याखालीं सुमारें २५३ अंशांवर उकळतो. हेलियमनें मात्र त्यांस दाद दिली नाहीं. तें यश १९०८ मध्यें हॉलंडांतील कामर्लिंग ओनेस यांस लाभलें.

ड्यूअर यांचा स्वभाव तापट व भांडखोर होता, हें झांकण्यांत अर्थ नाहीं. भांड्याचें पेटंट त्यांनीं घेतलें नव्हतें. १९०४ मध्यें जर्मन कारागिरांनीं थर्मास विक्रीस आणला. ड्यूअर कोर्टांत गेले आणि हरले. १९२३ मध्यें ते वारले, तेव्हांही दोन्ही प्राध्यापकपदें त्यांच्याकडेच होतीं.

अलीकडे युरोपांत तीच युक्ति घरांच्या भिंतींस लावितात, म्हणजे घर ऊबदार ठेवण्यास इंधन कमी लागतें. पण गोल बाटली बाहेरच्या हवेचा दाब सोसते, तसा सपाट तक्ता सोसीत नाहीं. एका चौरस मीटरवर सुमारें दहा टन भार पडतो! म्हणून आंत सिलिकाची अतिसूक्ष्म भुकटी दाबून भरतात, हवा काढतात व धातूचा पातळ लेप दिलेल्या वेष्टनांत तक्ता बंद करितात. असा एक तक्ता चार-पांच पट जाड लोकरी थराचें काम करतो. मात्र भिंतींत खिळा ठोकतांना तो वेष्टनास लागला, कीं हवा आंत शिरते आणि बहुतेक गुण जातो.