औषधांचा तुटवडा आणि परिचारिका: फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्याकडून काय शिकावे?

आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीत, एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात झाला. घरच्यांचा विरोध असूनही त्यांनी जर्मनीत रुग्णसेवेचे शिक्षण घेतले.

स्कुटारीतील टंचाई

क्रिमियन युद्धाच्या वेळी, नोव्हेंबर १८५४ मध्ये, त्या ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. तिथे पट्ट्या, साबण, टॉवेल, स्वच्छ कपडे, पथ्याचे अन्न अशा साध्या वस्तूही पुरेशा नव्हत्या. अशा वेळी परिचारिकेचा दिवस शोधाशोधीत जातो आणि रुग्णाजवळ थांबायला वेळ उरत नाही. नाइटिंगेल यांनी वर्गणीतून जमलेल्या पैशांनी बाजारातून सामान आणले, स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याची सोय उभी केली.

तुटवडा नेहमी माल नसल्यामुळेच होतो असे नाही. स्कर्व्ही म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार. त्यावरचा लिंबाचा रस डिसेंबरमध्ये बालाक्लाव्हा बंदरात आला होता, पण सैनिकांना तो फेब्रुवारीपर्यंत वाटलाच गेला नाही.

सामान आले, तरी मृत्यू थांबले नाहीत

फेब्रुवारी १८५५ मध्ये उपचार घेणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ४२ दगावत होते. मार्चमध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने तुंबलेली गटारे साफ केली, हवा खेळती केली. जूनपर्यंत हे प्रमाण २ च्या आसपास आले. पुढे आकडेवारी अभ्यासून नाइटिंगेल यांनी स्वच्छतेचे महत्त्व सरकारला पटवले. १८६० मध्ये त्यांनी लंडनला परिचारिकांची शाळा सुरू केली. १९१० मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तुम्ही काय कराल?

वॉर्डात औषध संपले, तर ते सिस्टरच्या हातात नसते. चिठ्ठी पाठवणे, पर्यायी औषधासाठी डॉक्टरांना विचारणे, नवा डोस पुन्हा तपासणे हे काम मात्र तिच्यावरच पडते. म्हणून:

- रोजची औषधे संपण्याच्या आठवडाभर आधी आणा.
- औषध मिळत नसेल तर गोळी अर्धी करून पुरवू नका किंवा बंद करू नका. डॉक्टरांना विचारा; बहुतेकदा त्याच घटकाचे दुसऱ्या कंपनीचे औषध चालते.
- औषधांची यादी आणि ॲलर्जीची माहिती सिस्टरला आधीच द्या.
- गोळीचा रंग किंवा आकार बदललेला दिसला, तर घेण्यापूर्वी विचारा. असे विचारल्याने सिस्टरला त्रास होत नाही, चूक टळते.