सत्तावन्नावं जहाज

टपरीवरच्या चहात साखर कमी पडली की आपण लगेच ओरडतो. पण ती साखर कुठून आली, कुणी ऊस तोडला, हे कधी विचारलंय? नाही ना? वाईट वाटून घेऊ नका. अडीचशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्येही कुणी विचारत नव्हतं. साखर वेस्ट इंडीजच्या बेटांवरून जहाजाने येते, एवढंच लोकांना ठाऊक होतं. मधली साखळी कडी कडी करून शोधायला निघालेला पोरगा म्हणजे थॉमस क्लार्कसन.

आणि सुरुवात कशाने झाली माहितीये? निबंध स्पर्धेने!

१७६० मध्ये विस्बीच गावात जन्म. वडील पाद्री आणि शाळेचे हेडमास्तर. थॉमस सहा वर्षांचा असतानाच ते गेले. त्यानेही पाद्रीच व्हायचं, असं ठरलेलं. केंब्रिजमध्ये शिकत असताना १७८५ मध्ये लॅटिन निबंधाचा विषय निघाला : माणसांना त्यांच्या इच्छेविरुद्ध गुलाम करणं न्याय्य आहे का? खरं सांगायचं तर थॉमसला गुलामांचं काही पडलं नव्हतं, त्याला बक्षीस हवं होतं. पण दोन महिने वाचन केलं आणि झोप उडाली. निबंध पहिला आला. बक्षीस घेऊन घोड्यावरून लंडनला निघाला, पण डोक्यातून विषय जाईना. वेड्समिल गावाजवळ तो घोड्यावरून उतरला आणि रस्त्याच्या कडेला बसून राहिला. आपण लिहिलंय ते खरं असेल, तर कुणीतरी हे थांबवायलाच हवं, असं त्याच्या मनाने घेतलं. वय पंचवीस.

२२ मे १७८७ रोजी लंडनच्या एका छापखान्यात बारा जण जमले आणि समिती स्थापन झाली. बाराही जण सज्जन, बहुतेक क्वेकर पंथाचे. पण फिरायचं कुणी? फिरला क्लार्कसन.

ती साखळी अशी होती. लिव्हरपूल, ब्रिस्टलहून जहाजं कापड, बंदुका, दारू भरून पश्चिम आफ्रिकेला जायची. तिथे त्या मालावर माणसं विकत घ्यायची. ती अटलांटिकपार नेऊन मळेवाल्यांना विकायची आणि येताना साखर आणायची. या कापडातला मोठा हिस्सा कुठला होता, ऐका : आपल्या गुजरातचा आणि कोरोमंडल किनाऱ्याचा! आफ्रिकेत या सुती कापडाला इतकी मागणी, की मँचेस्टरवाले त्याची नक्कल करून विकत. म्हणजे इकडे कुणा विणकराने मागावर काढलेलं कापड तिकडे माणसाची किंमत म्हणून मोजलं जात होतं. त्या विणकराला याचा पत्ता असण्याचं काही कारण नव्हतं.

क्लार्कसनने भाषणं नंतर केली, आधी पुरावे गोळा केले. ब्रिस्टलच्या दारूच्या गुत्त्यांत रात्री जागवून खलाशांना दारू पाजून, कर्जात अडकवून जहाजावर कसं चढवतात ते पाहिलं. जहाजांची हजेरीपत्रकं काढून सुमारे २०,००० खलाशांची माहिती मिळवली. गुलामांच्या जहाजांवर गोरे खलाशीही धडाधड मरतात, हे त्यातून कळलं. लिव्हरपूलच्या एका दुकानात त्याने बेड्या घेतल्या, अंगठे चिरडायचा चाप घेतला. आणखी एक अवजार होतं, उपाशी राहून मरू पाहणाऱ्याचं तोंड जबरदस्तीने उघडायचं. दुकानात उघड्यावर मांडलेलं, बरं का. त्याच शहरात धक्क्यावर आठ-नऊ जणांनी त्याला समुद्रात ढकलायचा प्रयत्न केला. गडी सहा फुटांवर उंच, धडक मारून निसटला.

पण मला सगळ्यात भारी वाटतो तो एका खलाशाचा शोध. मळेवाल्यांचा दावा असा, की आफ्रिकेत विकले जातात ते युद्धकैदी. पण आफ्रिकेतले व्यापारी रात्री होड्यांनी नदीतून वर जाऊन गावंच्या गावं उचलतात, हे डोळ्यांनी पाहिलेला एक खलाशी आहे, असं क्लार्कसनच्या कानावर आलं. नाव माहीत नाही. पत्ता नाही. तो सध्या नौदलाच्या कुठल्यातरी उभ्या जहाजावर आहे, इतकंच. तुम्ही आम्ही सोडून दिलं असतं. हा डेप्टफर्डला गेला, वूलिच, चॅटहम, शीअरनेस, पोर्ट्समथ पालथं घातलं. शंभराहून जास्त जहाजं चढला-उतरला. शेवटी प्लिमथला सत्तावन्नाव्या जहाजावर, मेलॅम्पसवर, तो सापडला : आयझॅक पार्कर. त्याने संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली.

तरी १७९१ मध्ये विल्बरफोर्सचा ठराव संसदेत पडला. मग लोकांनी काय केलं? साखर सोडली! क्लार्कसनच्या अंदाजाने तीन लाख माणसांनी. बायकांना मताचा अधिकार नव्हता, पण घरात साखर आणायची की नाही हे त्यांच्या हातात होतं. काहींनी वेस्ट इंडीजऐवजी हिंदुस्थानची साखर घ्यायला सुरुवात केली; ती गुलामांनी केलेली नाही, म्हणून चांगली. बंगालमध्ये ती कोण आणि कशा हालात पिकवतं, हे बघायला मात्र कुणी सत्तावन्न जहाजं चढलं नाही.

१७९४ मध्ये क्लार्कसन कोसळला. तब्येत गेली, पैसे संपले. डोंगराळ भागात जाऊन शेती करत बसला. पुन्हा उठला तो दहा वर्षांनी. १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद झाला, १८३३ मध्ये गुलामगिरी संपवणारा कायदा झाला. भरपाई दोन कोटी पौंड, तीही मालकांना! गुलामांना छदाम नाही. आणि ऊस तर तोडायलाच हवा होता. म्हणून मॉरिशसच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. मुंबई बंदरातून आपली कोकणातली माणसंही गेली. तिथे आजही मराठी आडनावं भेटतात, ती त्यांचीच.

श्रेय विल्बरफोर्सला मिळालं. त्याच्या मुलांनी १८३८ मध्ये बापाचं चरित्र लिहिताना क्लार्कसनला अगदीच किरकोळ करून टाकलं. म्हाताऱ्याला ते लागलं. तरी १८४० मध्ये, ऐंशीव्या वर्षी, लंडनच्या गुलामगिरीविरोधी परिषदेत तो उभा राहिला आणि बोलला. १८४६ मध्ये गेला.

त्याची एक लाकडी पेटी विस्बीचच्या संग्रहालयात आहे. गावोगावच्या सभांत तो ती उघडायचा. आत आफ्रिकेचं विणलेलं कापड, मिरी, हस्तिदंत, लाकडाचे नमुने. माणसं सोडून हे विकत घ्या ना, असं तो लोकांना दाखवून सांगायचा.