सर एडवर्ड एल्गार आणि त्यांची पायगाडी

आमच्या शाळेच्या आवारांत रोज सकाळीं सायकलींची जी लांब रांग लागते ती पाहून आमच्या मनांत पुष्कळदां असा विचार येतो कीं, ह्या वाहनाचा उपयोग आपण केवळ वेळेवर पोहोंचण्यापुरता करितों. घर सोडलें कीं शाळा गांठावी, आणि शाळा सुटली कीं घर. मधल्या रस्त्याकडे पाहण्यास कोणास फुरसत नसते. परंतु कोठेंहि पोहोंचावयाचें नसतां, केवळ रानांतल्या वाटा पाहण्यासाठीं पायगाडी हांकणारा एक मोठा पुरुष इंग्लंडांत होऊन गेला. त्याचें नांव सर एडवर्ड एल्गार. संगीतरचनाकार म्हणून त्याची कीर्ति जगभर आहे. त्याच्या सायकलीची हकीकत मात्र त्याच्या आयुष्यांतील एका मोठ्या पराजयाशीं जोडलेली आहे, म्हणून ती आमच्या विद्यार्थिवाचकांस सांगावी असें आम्हांस वाटलें.

एडवर्ड विल्यम एल्गार ह्याचा जन्म २ जून १८५७ रोजीं इंग्लंडच्या पश्चिम भागांत, वूस्टर शहरापासून सुमारें तीन मैलांवर असलेल्या ब्रॉडहीथ नांवाच्या खेड्यांत झाला. बाप पियानोचे सूर लावण्याचा धंदा करी. वूस्टरच्या मोठ्या रस्त्यावर त्याचें वाद्यांचें व संगीताच्या पुस्तकांचें दुकान होतें, आणि तेथील रोमन कॅथॉलिक चर्चमध्यें तो ऑर्गन वाजवीत असे. दुकानांतील पुस्तकें काढावीं, तीं एकट्यानेंच वाचावीं, आणि हातीं लागेल तें वाद्य वाजवून पाहावें, असा ह्या मुलाचा क्रम होता. जर्मनींतील लाइप्झिग येथील संगीतविद्यालयांत जाण्याची त्याला फार इच्छा होती. परंतु बापाजवळ तेवढा पैसा नव्हता. पंधराव्या वर्षीं शाळा सुटली व तो एका वकिलाच्या कचेरींत कारकुनी करूं लागला. वर्षभरांत तीहि सोडून त्यानें संगीतावरच पोट भरण्याचें ठरविलें. पुढें ज्याला विद्यापीठांनीं सन्मानाच्या पदव्या दिल्या त्याचें विद्यालय म्हणजे बापाचें दुकान होतें.

उमेदीचीं वर्षें किरकोळ कामांत गेलीं. व्हायोलिनच्या शिकवण्या कराव्या, जलशांतून साथ करावी, आणि उरलेल्या वेळांत स्वतःचें कांहीं लिहावें. वूस्टरजवळ पॉविक येथें वेड्यांचें एक मोठें इस्पितळ होतें. संगीतानें रोग्यांस बरें वाटतें अशी तेथील चालकांची समजूत असल्यामुळें इस्पितळांतील नोकरांचें एक वाद्यपथक ठेविलेलें होतें. इ. स. १८७९ पासून १८८४ पर्यंत एडवर्ड ह्या पथकाचा चालक होता, व रोग्यांच्या नाचासाठीं त्यानें कित्येक लहानसहान चाली रचल्या. पथकांत जीं वाद्यें असतील त्यांवरच काम भागवावें लागे. कोणत्या वाद्याकडून काय वदवून घेतां येतें हें ज्ञान त्याला अशाच ठिकाणीं मिळालें.

इ. स. १८८६ मध्यें कॅरोलाइन ॲलिस रॉबर्ट्स नांवाची एक बाई त्याच्याकडे शिकावयास आली. ह्या बाईचा जन्म आपल्याच देशांत, कच्छांतील भूज येथें, इ. स. १८४८ मध्यें झाला होता. तिचा बाप सर हेन्री रॉबर्ट्स हा मुंबई इलाख्याच्या फौजेंत मेजर-जनरलच्या हुद्द्यास चढला होता. ती एडवर्डपेक्षां आठ वर्षांनीं वडील. तो दुकानदाराचा मुलगा, त्यांतून कॅथॉलिक. तिच्या आप्तांस हा संबंध मुळींच रुचला नाहीं. तरी इ. स. १८८९ मध्यें दोघांचा विवाह झाला. लंडन येथें नशीब काढण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, व १८९१ मध्यें हें कुटुंब वूस्टरच्या नैर्ऋत्येस मालव्हर्नच्या डोंगरांच्या पायथ्याशीं येऊन राहिलें. स्वरलेखनाच्या कागदावर रेघा आंखण्याचें कंटाळवाणें काम ॲलिसबाई स्वतः करीत. आपल्या पतीची योग्यता जगास कळेल ह्याविषयीं त्यांस कधींच शंका वाटली नाहीं.

जगास ती कळावयास इ. स. १८९९ उजाडलें. त्या वर्षीं जून महिन्यांत लंडन येथें एल्गार ह्यांची 'एनिग्मा', म्हणजे 'कोडें', ह्या नांवाची रचना वाजविली गेली. एकाच मूळ स्वरमालेचीं हीं चौदा रूपें. पहिल्या रूपांत पत्नी, शेवटच्यांत स्वतः, व मधल्यांत बहुतेक मित्रमंडळी त्यांनीं सुरांनीं चितारली आहेत. रचनाकाराचें वय त्या वेळीं बेचाळीस वर्षांचें होतें. इतक्या उशिरां आलेलें यश टिकेल असें सर्वांस वाटलें.

पुढच्याच वर्षीं बर्मिंगहॅम शहराच्या त्रैवार्षिक संगीतोत्सवासाठीं त्यांनीं 'जिरॉन्शियसचें स्वप्न' ही मोठी रचना केली. कार्डिनल न्यूमन ह्यांच्या काव्यावर ती आधारलेली आहे. एक वृद्ध ख्रिस्ती मनुष्य मरणपंथास लागला आहे, आणि त्याचा आत्मा देह सोडून न्यायासनासमोर जात आहे, असा तिचा विषय. एल्गार ह्यांनीं आपलें सर्वस्व तींत ओतलें होतें. परंतु दैव उलटें होतें. गायकवृंदाचे शिक्षक प्रयोगापूर्वीं थोडे महिने वारले. त्यांच्या जागीं आलेले गृहस्थ वृद्ध होते. छापील प्रती उशिरां हातीं आल्या, तालमी अपुऱ्या झाल्या, आणि संगीत तर त्या गायकांनीं पूर्वीं कधीं न गाइलेल्या प्रकारचें. ३ ऑक्टोबर १९०० रोजीं भर सभेंत गायकांचे सूर ढळले व प्रयोग फसला. जाणत्या टीकाकारांनीं रचनेची थोरवी ओळखली खरी. पण एल्गार ह्यांस त्याचें समाधान वाटलें नाहीं. त्यांनीं एका जिवलग मित्रास लिहिलेल्या पत्राचा आशय असा होता कीं, ईश्वर कलेच्या विरुद्ध आहे; आपण एकदां हृदयाचें दार उघडलें होतें, तें आतां धर्मभावनेस कायमचें बंद झालें आहे.

श्रद्धावंत मनुष्याच्या लेखणींतून असे शब्द निघावे हें वाचून आम्हांस प्रथम वाईट वाटलें. परंतु विचार करितां दिसून येतें कीं, ज्यानें कामांत मन घातलेंच नाहीं त्याला असा घाव बसत नाहीं. शिवाय स्तोत्रकर्त्यांनींहि देवापुढें अशींच कडू गाऱ्हाणीं मांडिलीं आहेत, व तीं शास्त्रांतून कोणीं वगळलेलीं नाहींत.

आतां सायकलीकडे वळूं. ह्याच सुमारास, म्हणजे वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, एल्गार सायकल शिकले. त्या काळीं हें वाहन नुकतेंच सुखाचें झालें होतें. बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप ह्यांनीं इ. स. १८८८ मध्यें हवा भरलेल्या रबरी टायरचें पेटंट घेतल्यापासून हाडें खिळखिळीं होण्याचें भय गेलें होतें. आणि उतारावर पाय स्थिर ठेवून चाक मोकळें फिरूं देण्याची युक्ति नवीनच प्रचारांत येत होती. एल्गार ह्यांची आवडती गाडी 'सनबीम' जातीची होती. वुल्व्हरहॅम्प्टन येथें जॉन मार्स्टन ह्यांच्या कारखान्यांत ती होत असे. तिचा रंग काळा कुळकुळीत असे, व तिची सांखळी तेलानें भरलेल्या बंद डब्यांत फिरत असल्यामुळें चिखल व धूळ तिला लागत नसे. 'सनबीम' म्हणजे सूर्यकिरण. म्हणून एल्गार ह्यांनीं ग्रीक लोकांच्या सूर्यदेवावरून तिचें नांव 'मिस्टर फीबस' असें ठेविलें. घोड्यास नांव देतात तसें सायकलीस नांव देणारा हा मनुष्य स्वभावानें किती बालवृत्तीचा होता हें ह्यावरून कळतें.

मालव्हर्नचे डोंगर दक्षिणोत्तर सुमारें नऊ मैल पसरलेले असून त्यांचें सर्वांत उंच शिखर १,३९५ फूट आहे. पूर्वेस सेव्हर्न नदीचें सपाट खोरें, आणि पश्चिमेस हेरेफर्डकडचा चढउतारांचा, तांबड्या मातीचा मुलूख. सायकलस्वारास दोन्ही प्रकारचे रस्ते दाराशींच. एल्गार ह्यांच्या सोबतीस पुष्कळदां रोझा बर्ली नांवाच्या बाई असत. ह्या मालव्हर्नमधील एका मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, व त्यांच्या शाळेंत एल्गार व्हायोलिन शिकवीत. ह्या बाईंच्या आठवणी इ. स. १९७२ मध्यें पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाल्या. त्यांवरून असें दिसतें कीं, मालव्हर्नच्या सभोंवार वीस मैलांच्या आंत ह्या मंडळींनीं न धुंडाळलेली आडवाट बहुधा उरलीच नव्हती.

ह्या मुलुखाचें खरें वैभव शरदृतूंत दिसतें. आपल्याकडे पानगळ हिंवाळ्याच्या अखेरीस होते; तेथें ती ऑक्टोबर-नोव्हेंबरांतच होते, आणि गळण्यापूर्वीं पानें पिंवळीं, तांबडीं व तपकिरी होऊन सारें रान जणूं पेटल्यासारखें दिसतें. सप्टेंबरांत हॉपच्या वेलींचीं फुलें तोडण्यासाठीं कारखान्यांच्या शहरांतून गरीब कुटुंबेंच्या कुटुंबें शेतांवर उतरत. नंतर बागांतून सफरचंदांच्या राशी झाडांखालींच पडलेल्या दिसत. पहांटे खोऱ्यांत धुकें भरून राही व डोंगरमाथा तेवढा वर दिसे. रस्त्यांवर डांबर नव्हतें, मोटारी क्वचित्. कुंपणाच्या झाडांमधून जाणाऱ्या अरुंद वाटेनें सायकल जवळजवळ आवाज न करितां जाई. काळ्या लांकडांच्या व पांढऱ्या भिंतींच्या घरांचीं खेडीं लागत. परंतु दिवस लहान असे. ऑक्टोबर सरतांना पांचाच्या आंतच सूर्य मावळे, व दिवा लावून घर गांठावें लागे.

अशा फेऱ्यांनीं मनाची जखम एकाएकीं भरून आली असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणणें खोटें होईल. एल्गार पुढेंहि पुष्कळदां खिन्न होत, व जगानें आपणास ओळखलें नाहीं ही तक्रार त्यांनीं मरेपर्यंत सोडली नाहीं. परंतु घडलें तें असें. त्या अपयशानंतर वर्षभरांतच त्यांची सर्वांत लोकप्रिय लष्करी कूच तयार झाली. इ. स. १९०१ च्या डिसेंबरांत जर्मनींतील ड्युसेलडॉर्फ येथें 'जिरॉन्शियस'चा उत्तम प्रयोग झाला. पुढील मे महिन्यांत तेथेंच तो पुन्हां झाला, तेव्हां रिखार्ड स्ट्राउस ह्या नामांकित रचनाकारानें एल्गार ह्यांचा जाहीर गौरव केला. बर्मिंगहॅममध्यें जें बुडालें तें परक्या देशांत तरलें.

मालव्हर्नच्या आग्नेयीस, अपटन गांवाच्या बाजूस, लाँगडन नांवाची सखल पाणथळ जमीन आहे. तेथून मालव्हर्नची सारी डोंगररांग दृष्टीस पडते. एल्गार सायकलीवरून तेथें जात व एकटेच विचार करीत बसत. ते काय योजीत होते? ज्यानें धर्मभावनेस हृदय बंद केल्याचें लिहिलें होतें तोच मनुष्य आतां पवित्र शास्त्रांतील वचनें स्वतः निवडून 'प्रेषित' ह्या नांवाची नवी मोठी रचना करीत होता. शिष्यांचें पाचारण, मग्दालीया मरीयेचा पश्चात्ताप, आणि विशेषेंकरून यहूदाची निराशा तींत वर्णिली आहे. यहूदाच्या भागांत निराशेचे जे सूर आहेत ते ऐकतांना, ती निराशा रचनाकारानें स्वतः चाखली असावी असें आम्हांस वाटल्यावांचून राहत नाहीं. रचनेच्या प्रतीवर त्यांनीं लाँगडनच्या दलदलीचें नांव व १९०२-३ हीं सालें लिहून ठेविलीं. १४ ऑक्टोबर १९०३ रोजीं, त्याच बर्मिंगहॅम शहरीं, त्याच उत्सवांत, एल्गार ह्यांनीं स्वतः ती सादर केली, व ह्या वेळीं प्रयोग यशस्वी झाला. दोन ऑक्टोबरांमध्यें तीन वर्षें गेलीं होतीं.

पुढील वृत्तांत थोडक्यांत सांगतों. इ. स. १९०४ मध्यें त्यांस 'सर' ही पदवी मिळाली, व त्याच वर्षीं ते हेरेफर्ड येथें राहावयास गेले. तेथेंहि मॉर्डिफर्डच्या जुन्या पुलाकडे त्यांच्या फेऱ्या होत. इ. स. १९०८ मध्यें त्यांची पहिली सिंफनी प्रसिद्ध होऊन एका वर्षांत तिचे सुमारें शंभर प्रयोग झाले. इ. स. १९१९ च्या ऑक्टोबरांत त्यांची चेलो वाद्यासाठीं केलेली रचना अपुऱ्या तालमीमुळें पहिल्या प्रयोगांत फसली. जुनाच प्रसंग पुन्हां ओढवला. आज ती त्यांच्या उत्कृष्ट कृतींत गणली जाते. ७ एप्रिल १९२० रोजीं ॲलिसबाई निवर्तल्या. त्यानंतर चौदा वर्षें एल्गार जगले. मानमरातब पुष्कळ मिळाले, पण तशी मोठी रचना त्यांच्या हातून पुन्हां पूर्ण झाली नाहीं. ह्या दुःखावर कोणतेंहि चाक उपयोगी पडलें नाहीं. २३ फेब्रुवारी १९३४ रोजीं वूस्टर येथें त्यांचा अंत झाला, व मालव्हर्नच्या उतारावर पत्नीच्या शेजारीं त्यांस पुरण्यांत आलें.

हेरेफर्डच्या कॅथीड्रलच्या आवारांत इ. स. २००५ मध्यें त्यांचा एक पुतळा उभारण्यांत आला. त्यांत ते चौथऱ्यावर दंड उगारून उभे नाहींत. जमिनीवरच, आपल्या सायकलीस टेकून उभे आहेत. ज्या लोकांमध्यें ते राहिले त्यांस त्यांची हीच मूर्ति जवळची वाटली असावी.

आमच्या विद्यार्थ्यांस आमचें सांगणें थोडकेंच आहे. परीक्षेचे निकाल लागतात तेव्हां कित्येकांचे चेहरे आम्ही पाहतों. जीव ओतून केलेल्या कामाचें चीज होत नाहीं, कधीं दुसऱ्याच्या चुकीमुळेंहि होत नाहीं, आणि अशा वेळीं उपदेश कानांस कडू लागतो. म्हणून आम्ही उपदेश करीत नाहीं. पाऊस सरला कीं आपल्याकडेहि शेतें पिकास येतात व सकाळीं दंव पडूं लागतें. एखाद्या शनिवारीं सायकलीच्या चाकांत हवा भरावी, एखादा मित्र सोबत घ्यावा, आणि जो रस्ता शाळेकडे जात नाहीं तो धरावा. दिवेलागणीपूर्वीं मात्र घरीं यावें, आणि सोमवारीं पुन्हां वर्गांत हजर असावें.